चेंडूपासून लांबचे पिक: डॉजच्या आधी शिकवावेत का?

काठीवाला: माझं मत सरळ आहे. लॅक्रॉस म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ. त्यातल्या शाळकरी संघांना आधी पिक (स्थिर उभं राहून सोबत्याच्या डिफेंडरची वाट अडवणं) शिकवा, डॉज (चेंडू घेऊन आपल्या डिफेंडरला चुकवणं) नंतर. सहा विरुद्ध सहाच्या आक्रमणात एकजण डॉज मारतो आणि बाकीचे पाच लग्नातल्या पाहुण्यांसारखे उभे. मग त्यांच्यावरचे डिफेंडरही खुशाल स्लाइड करतात, म्हणजे आपला माणूस सोडून डॉजवाल्याला अडवायला धावतात. त्याऐवजी क्रीजवर (गोलभोवतीच्या वर्तुळाजवळ) दोघांनी एकमेकांसाठी पिक लावला, तर मदतीला धावायचं की आपला माणूस धरायचा, अशी डिफेंडरची पंचाईत होते. तेवढ्यात पास आत जातो. २०१५ ला डेन्व्हरने मेरीलँडला १०-५ हरवून एनसीएए (अमेरिकी कॉलेजांची स्पर्धा) जिंकलं, ते कॅनडाच्या बॉक्स लॅक्रॉसची (रिंकमधल्या लॅक्रॉसची) छाप असलेल्या आक्रमणावर. फायनलला पाच गोल मारणारा वेस्ली बर्ग कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचाच.

पोल_पाटील: उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ती पोरं बॉक्समध्ये वाढलेली. तिथे हॉकीच्या रिंकएवढी जागा, व्यावसायिक लीगमध्ये ३० सेकंदांचा शॉट क्लॉक (तेवढ्यात शॉट मारायचाच), पिकशिवाय मोकळं व्हायचं कसं? मोठ्या मैदानावर जागा आयती मिळते, ती कशाला बुजवता? क्रीजवर दोघे आले की दोन डिफेंडरही तिथेच, म्हणजे डॉजवाल्याच्या वाटेत चौघांची गर्दी. मी डिफेन्स शिकवतो. डॉजचा धाक नसेल तर पिक दिसताच माझी पोरं ‘स्विच’ ओरडून आपापले माणूस बदलतात, विषय संपला.

काठीवाला: पाटील, खरा विषय तिथेच सुरू होतो! स्विच करताना दोघांची नजर कटरवर (पिकच्या आडून पळणाऱ्यावर) जाते, तेवढ्यात पिक लावणाऱ्याने गोलकडे वळायचं. शिवाय लाँग पोल (लांब काठीवाले) फार तर चार, म्हणजे उरलेले दोघे शॉर्ट स्टिकवाले (आखूड काठीचे). स्विचनंतर आपल्या शूटरसमोर त्यातलाच एक यावा, असा पिक बेतायचा.

शिट्टीवाले_काका: कागदावर छान. प्रत्यक्षात पोरं कटर निसटायला लागला की एक पाऊल सरकतात नाहीतर कंबर बाहेर काढतात. हलता पिक, फाउल, चेंडू समोरच्यांना. मुलींच्या खेळात तर डिफेंडरला दिसेल असा आणि तिला थांबायला वा वळायला वाव ठेवून लावावा लागतो. आधी दोन पाय रोवून उभं राहायला शिकवा!

मेघा_मिडी: क्रम सोडा, वेळ बघा. डॉजवाला आपल्या माणसाला मागे टाकतो त्याच क्षणी, पहिली स्लाइड ज्याची आहे त्याच्यावर पिक हवा. आधी लावलात तर समोरचे निवांत सावरतात, उशिरा लावलात तर स्लाइड पोचलेली असते. अमेरिकेत पुरुषांच्या कॉलेज लॅक्रॉसमध्ये शॉटसाठी ८० सेकंद मिळतात, तरी असे जुळून येणारे क्षण हातावर मोजण्याइतकेच.

पोल_पाटील: म्हणजे डॉज आधी. धन्यवाद!

काठीवाला: सामन्यात आधी, मान्य. सरावात नाही. बारा वर्षांखालच्यांना मी छोट्या जागेत तीन विरुद्ध तीन खेळवणार, आणि पिकशिवाय मारलेला गोल धरणार नाही. २०२८ च्या ऑलिंपिकमध्येही सिक्सेसच (सहा-सहा जणांचं लॅक्रॉस) आहे, ३० सेकंदांच्या घड्याळासकट. तिथे पाटलांची पोरं किती वेळा ‘स्विच’ ओरडतात ते बघूच.

पोल_पाटील: ओरडतील. आणि तुमचा पिक हलला की काकांची शिट्टी आहेच.