नवी प्रणाली घेण्याआधी विद्यापीठाने उत्तर देणारी माणसं नेमावीत

खडू_फळा

पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. मी आल्यापासून विद्यापीठाने तीनदा शिक्षण-प्रणाली, म्हणजे नोट्स, प्रश्नसंच, असाइनमेंट ठेवायचं सॉफ्टवेअर, बदलली. दर वेळी सुट्टीत बसून जुने प्रश्नसंच एकेक करून नव्या ठिकाणी चढवले, दर वेळी मुलांना नवं लॉगिन, नवी बटणं. तुकडीत १८० मुलं आणि ट्युटोरियलला दोन सहायक, हे मात्र पहिल्या दिवसापासून तसंच आहे. माझं म्हणणं एवढंच: पुढची प्रणाली घेऊ नका. तो पैसा ट्युटोरियल सहायकांवर खर्च करा.

हे नुसतं मनाला वाटतं म्हणून लिहीत नाही. २०१३ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने उडॅसिटी या ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या कंपनीबरोबर तीन ऑनलाइन विषय सुरू केले. त्यातला एक पायाभूत गणिताचा होता, म्हणजे कच्च्या मुलांसाठीचा. त्यात विद्यापीठाची स्वतःची मुलं ३० टक्केसुद्धा पास झाली नाहीत, आणि बाहेरून आलेल्यांचा निकाल त्याहून खूपच खाली होता. त्या वर्षीच्या जुलैमध्ये प्रयोग थांबवावा लागला. ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच आपण व्हिडिओ आणि प्रश्नावली देऊन मोकळं होतो.

निशाचर

मॅडम, अजिबात पटलं नाही.

मी रात्रपाळी करून शिकतो. सकाळच्या लेक्चरला मी वर्गात असतो, पण डोळे मिटत असतात. रेकॉर्डिंग नसतं तर पहिल्याच सत्रात शिक्षण सुटलं असतं. कॉन्फिडन्स इंटरव्हल (नमुन्यावरून काढलेला अंदाज किती खाली-वर असू शकतो तो पट्टा) म्हणजे काय हे मला व्हिडिओ चार वेळा मागे नेऊन कळलं. वर्गात तोच प्रश्न चार वेळा विचारायची माझी हिंमत झाली नसती, आणि विचारला असता तर बाकीच्यांनी ऐकून घेतला नसता. ट्युटोरियल सहायक दुपारी तीनला बसतो, तेव्हा मी झोपलेला असतो. तुमच्या योजनेत माझ्यासाठी काय आहे?

खडू_फळा

निशाचर, रेकॉर्डिंगला माझा विरोध नाही. आहे ते चालू राहू दे. पण कॉन्फिडन्स इंटरव्हल चौथ्यांदा बघूनही कळलं नसतं, तर तुम्ही कुठे गेला असता? माझा प्रश्न तिथे सुरू होतो. सहायकाची वेळ तीनचीच असते, कारण सहायक दोनच आहेत. सहा असतील तर एक जण रात्री नऊला ऑनलाइन बसू शकतो.

सर्व्हर_रूम

मी दुसऱ्या एका विद्यापीठात प्रणाली सांभाळतो, म्हणून पलीकडची बाजू सांगतो.

एक, पैशाबद्दल. प्रणालीसाठी येतो तो बहुधा एकदाच मिळणारा निधी असतो. सहायकाचा पगार दर वर्षीचा खर्च आहे. या खात्यातून त्या खात्यात पैसा फिरवायची परवानगी कुलगुरूंच्याही हातात नेहमी नसते. तेव्हा 'हे नको, ते घ्या' इतकं सोपं नाही.

दोन, प्रणाली बदलते ती हौसेने नव्हे. कंपनी जुनी आवृत्ती बंद करते, सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं. मूडलसारखी मुक्त प्रणाली २००२ पासून आहे आणि परवान्याचे पैसे लागत नाहीत, पण ती चालवायला माणसं लागतात. म्हणजे इथेही अडतं ते माणसांपाशीच.

तीन, हे मला जास्त टोचतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ज्या मुलांनी एकही असाइनमेंट उघडलेली नाही, त्यांची यादी मी दर सत्राला विभागांना पाठवतो. हे काम कुठलाही शिक्षक १८० मुलांच्या वर्गात डोळ्यांनी करू शकणार नाही. यादी पोचते. पुढे त्या मुलाला फोन कोणी करत नाही. करायला कोणी मोकळंच नसतं.

खडू_फळा

तिसरा मुद्दा तुम्ही माझ्याच बाजूने मांडलात.

सर्व्हर_रूम

अर्धाच. यादीच नसती तर फोन कोणाला करायचा हेही कळलं नसतं.

प्रमेय

सॅन होजेचं उदाहरण अर्धवट आलंय. त्याच वर्षी उन्हाळ्यात तेच विषय पुन्हा घेतले तेव्हा निकाल बराच सुधारला.

उलट बाजूचंही एक उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाची संगणकशास्त्राची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी २०१४ पासून चालू आहे. सुरुवातीला सगळं मिळून खर्च सात हजार डॉलरच्या आत होता आणि आज त्यात हजारो जण शिकतात. नोकरी न सोडता. निशाचरसारख्यांसाठीच ते आहे.

खडू_फळा

उन्हाळ्यातल्या तुकडीत अर्ध्याहून अधिक जणांकडे आधीच पदवी होती, हेही सांगा ना. आणि जॉर्जिया टेकला येणारे पदवीधर असतात, बहुतेक नोकरी करणारे. शिवाय तिथे सहायकांची मोठी फौज आहे. ती काढून घ्या आणि मग निकाल बघू.

प्रमेय

हे मान्य. मग माझा मुद्दा बदलून सांगतो. वाद यंत्र की माणूस असा नाहीच, पद्धतीचा आहे. २०१४ मध्ये विज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता, मुलांना काम करायला लावणाऱ्या वर्गापेक्षा दीडपट निघाली. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये प्रश्न विचारून, शेजाऱ्याशी चर्चा करायला लावून भौतिकशास्त्र शिकवायला सुरुवात केली. उत्तरं नोंदवणारी यंत्रं नंतर आली. त्याआधी हात वर करूनही तेच होत होतं. तेव्हा तुमचे सहा सहायकसुद्धा फळ्यावर गणितं सोडवूनच दाखवणार असतील, तर फार फरक पडेल असं मला वाटत नाही.

श्रवणवाट

मला दिसत नाही. मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचतो. इथे सगळे शिकवण्याबद्दल बोलताहेत, आधी वाचायला मिळण्याबद्दल बोला.

आमच्या विभागाच्या निम्म्या नोट्स म्हणजे पानांचे फोटो. स्क्रीन रीडरला त्यात अक्षर सापडत नाही, तो 'चित्र' म्हणतो आणि पुढे जातो. गेल्या सत्रात विचारलं तर उत्तर आलं की प्रणाली 'सुलभ' आहे, म्हणजे न दिसणाऱ्यालाही वापरता येते, तसं प्रमाणपत्र आहे. प्रणाली असेल, आत चढवलेली फाइल नाही.

अमेरिकेत कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीवर खटले भरले, कारण त्यांच्या मोफत व्हिडिओंमध्ये बोललेलं खाली नीट लिहून येत नव्हतं. तडजोड व्हायला २०१९ आणि २०२० उजाडलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठावरही अशीच तक्रार झाली, तेव्हा त्यांनी २०१७ मध्ये वीस हजारांहून अधिक व्हिडिओ लोकांसाठी बंदच केले. दुरुस्त करण्यापेक्षा काढून टाकणं स्वस्त पडलं.

खडू_फळा, तुमच्या सहा सहायकांपैकी एकाचं काम फक्त फाइल्स नीट करण्याचं असेल, तर मी तुमच्या बाजूने.

खडू_फळा

माझ्याही नोट्समध्ये हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो आहेत. आजवर लक्षातच आलं नव्हतं. या आठवड्यात टाइप करायला घेते. समीकरणं कशी लिहिली तर तुमच्या रीडरला वाचता येतात, तेवढं सांगाल का?

निशाचर

एक राहिलं. आमच्याकडे आता निबंध कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिला का हे 'ओळखणारं' साधन आणलंय. माझ्या मैत्रिणीचा स्वतः लिहिलेला निबंध त्याने खोटा ठरवला, तीन आठवडे चौकशी चालली. ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. वँडरबिल्ट विद्यापीठानेही हिशोब मांडला: वर्षाला ७५ हजार निबंध आणि एक टक्का चूक धरली, तरी ७५० जणांवर नाहक आळ. त्यांनी आपल्याकडचं असं साधन बंद केलं. या पैशातून सहायक नेमणार असाल तर मॅडम, मी आत्ता सही करतो. रेकॉर्डिंगला मात्र हात लावू नका.

सर्व्हर_रूम

ते साधन दर वर्षी नूतनीकरण करून घेतलं जातं. म्हणजे तो एकदाचा निधी नाही, चालू खर्चाचं खातं आहे. सहायकाचं मानधनही त्याच खात्यातून देता येतं. नूतनीकरणाची बैठक सत्र संपायच्या आधी असते. तुमच्याकडे त्या बैठकीला कोण बसतं, ते शोधा.