मदत हवी आहे: नऊ वर्षांच्या भाच्याला स्टार वॉर्स कुठून सुरू करून दाखवू?

देवगडचा_मामा

मंडळी, जरा घाईत आहे. शनिवारी ताई पोरांना घेऊन डोंबिवलीहून गावी येतेय. मित्राकडून प्रोजेक्टर आणलाय. खळ्यात दोन माडांच्या मध्ये पांढरी चादर बांधायची आणि जेवणं आटपली की रोज एक सिनेमा, असा बेत आहे. दहा दिवसांतून एक लग्न, एक मालवणची फेरी आणि लाईट जाणारी एक रात्र वजा केली की हातात सात रात्री उरतात.

घोळ असा की स्टार वॉर्सच्या, म्हणजे त्या अवकाशातल्या इंग्रजी सिनेमांच्या, भागांवर आकडे आहेत, म्हणजे मुकाट एकपासून लावावेत. पण मी स्वतः तसेच पाहिले होते. आधी १९९९चा एक नंबर, मग दोन, तीन. चारवर पोचलो तेव्हा तो काळा डार्थ व्हेडर कोण, कोणाचा कोण, सगळं ठाऊक. पाचव्यातल्या ज्या प्रसंगाला लोक म्हणे खुर्चीतून उडाले होते, तेव्हा मी शांतपणे शेंगदाणे सोलत होतो. भाच्याचं तसं होऊ नये.

भाची तेरा वर्षांची, तिला सगळं माहीत आहे. तिचं तोंड बंद ठेवायला आंबे आहेत. तिसरे प्रेक्षक आमचे बाबा. इंग्रजीचा गंध नाही, पण दशावतार असला की अजूनही रात्रभर जागतात. त्यांना मी शेजारी बसून मालवणीत सांगणार.

तर क्रम कोणता लावू? आणि हे सिनेमे काढणाऱ्या जॉर्ज लुकासने चारपासून सुरुवात का केली असेल?

(धाग्यात गुपित फुटणार हे उघड आहे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी इथूनच मागे फिरा.)

रिळवाला

चारपासून कोणी सुरुवात केलीच नव्हती! २५ मे १९७७ला अमेरिकेत लागला तेव्हा नाव नुसतं 'स्टार वॉर्स' होतं, आकडा-बिकडा काही नाही. पहिल्या दिवशी थिएटरं जेमतेम ३२. तो तुफान चालला, मग १९८०ला 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आला आणि त्याच्या सुरुवातीला लोकांना एकदम 'पाच' दिसलं. पहिल्याला 'भाग चार, अ न्यू होप' हे शेपूट १९८१मध्ये तो पुन्हा लावला तेव्हा जोडलं. १९८३ला 'रिटर्न ऑफ द जेडाय', नंतर सोळा वर्षं सामसूम. १९९९, २००२ आणि २००५ला एक-दोन-तीन. २०१२मध्ये जॉर्ज लुकासने कंपनी डिस्नेला विकली आणि २०१५, २०१७, २०१९ला सात-आठ-नऊ आले.

आता तुमच्या मुद्द्याचं. एम्पायरचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट या लेखिकेने १९७८च्या सुरुवातीला लिहिला. त्यात नायक ल्यूकचे वडील भुताच्या रूपात येऊन त्याला भेटतात आणि व्हेडर निराळाच माणूस आहे. म्हणजे पहिला सिनेमा लागून गेला तरी कागदावर व्हेडर ल्यूकचा बाप झालेला नव्हता. झाला तो पुढच्या खर्ड्यांत. आणि मग ते गुपित असं राखलं की विचारू नका. व्हेडरच्या पोशाखात उभ्या असलेल्या डेव्हिड प्राउजला चित्रीकरणात खोटंच वाक्य दिलं होतं, की ओबी-वानने (ल्यूकच्या म्हाताऱ्या गुरूने) तुझ्या बापाला मारलं. खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात भरलं. ल्यूक झालेल्या मार्क हॅमिलला दिग्दर्शक अर्विन कर्शनरने अगदी शॉटच्या तोंडावर सांगितलं. एवढी राखण केलेली वस्तू तुम्ही एकपासून लावून उघड्यावर टाकणार?

प्रदर्शनाच्या क्रमाने लावा. चार, पाच, सहा, एक, दोन, तीन. विषय संपला.

कुडाळचो_झिल

रिळवाल्यांना अनुमोदन. योडाचंही तेच आहे. पाचव्यात दलदलीत एक हिरवा म्हातारा येतो, ल्यूकच्या डब्यातलं खातो, दिव्यासाठी भांडतो. हा येडा कोण म्हणून आपण हसतो आणि तोच निघतो महागुरू. एक नंबर आधी पाहिला की तो आपल्याला गुरूंच्या मंडळात मानाने बसलेलाच भेटतो. विनोद गेला.

जाता जाता, ती टाय फायटर विमानं किंचाळत जातात ना, त्या आवाजात ध्वनी करणाऱ्या बेन बर्टने हत्तीचं ओरडणं मिसळलंय. रानहत्तींनी त्रासलेले दोडामार्गातले पाहुणे असतील तर त्यांच्यासाठी आवाज कमी ठेवा, बिचारे दचकायचे.

आठळी

मामा, रिळवाल्यांचा विषय संपला असेल, माझा नाही. तुमच्याकडच्या प्रती १९७७च्या नाहीत. लुकासने १९९७मध्ये जुन्या तिन्हींत बदल केले, २००४च्या डीव्हीडीसाठी पुन्हा केले. सहाव्याच्या शेवटी व्हेडरचा आत्मा दिसतो तिथे १९८३ला सेबॅस्टियन शॉ हा म्हातारा नट होता. २००४पासून तिथे हेडन क्रिस्टेन्सन उभा आहे, म्हणजे दोन आणि तीनमधला तरुण अनाकिन (व्हेडर होण्याआधीचा तोच माणूस). चार-पाच-सहा सलग लावलंत तर ऐन शेवटी भाचा विचारणार, हा पोरगा कोण? मग काय सांगाल?

त्यामुळे आमच्या घरी चार, पाच, मग एक, दोन, तीन आणि शेवटी सहा असा क्रम लावला होता. पाचव्यात 'मी तुझा बाप' ऐकून पोरगं हादरतं आणि लगेच पुढच्या रात्रीपासून कळत जातं की हा बाप असा झाला कसा. तीन झाला की सहावा. तेव्हा प्रश्न एकच उरतो, हा माणूस परत फिरेल का.

एक नंबर गाळा म्हणून सांगणारे बरेच भेटतील. गाळू नका. मोठ्यांना तो कंटाळवाणा वाटतो हे खरं, पण त्यातला अनाकिन नऊ वर्षांचा आहे. तुमच्या भाच्याएवढा.

रिळवाला

ते आत्म्याचं ध्यानात नव्हतं. मान्य. पण तीन नंबर नऊ वर्षांच्या मुलाला? मालिकेत तिथवर कधी नव्हतं ते अमेरिकेतलं १३ वर्षांखालच्यांसाठीचं सावधगिरीचं प्रमाणपत्र त्याच भागाला पहिल्यांदा लागलं. शेवट जळण्याचा आहे, मध्ये लहान मुलंही मारली जातात. सगळं दाखवत नाहीत, पण कळतं. मांडीवर घेऊन बसा किंवा तेवढ्या वेळापुरतं पोराला पाणी आणायला पाठवा.

देवगडचा_मामा

आठळीताई, ठरलं. चार-पाच-एक-दोन-तीन-सहा. सहा रात्री, सातवी राखीव. सात-आठ-नऊ गणपतीत आले तर बघू. तेव्हा भजनं असतात, म्हणजे नाहीच. तीन नंबरच्या रात्री ताईला शेजारी बसवतो.

देवगडचा_मामा (चार दिवसांनी)

हालहवाल. पहिल्या रात्री वाऱ्याने चादरीचं शीड झालं, अर्धी आकाशगंगा पोफळीवर. मग खाली चिरे बांधले. पडद्यावर सुरुवातीला येणारा मजकूर वाचताना 'फार फार पूर्वी' म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून 'आटपाट नगर होतं' गेलं. कोणाला काही खटकलं नाही.

व्हेडर दारातून धुरात आला आणि बाबा म्हणाले, "अरे, हो तर संकासूर!" दशावतारातला संकासूरही नखशिखांत काळा, तोंड झाकलेलं, बरोबरच आहे. पण संकासुराने आता भटजीची थट्टा करावी म्हणून ते वाट बघत राहिले, ती काही झाली नाही. मी म्हटलं, बाबा, ह्याचं एक गुपित आहे, उद्या कळेल. तर म्हणाले, "माका कथा आधी म्हायत आसता, तरी मी रातभर जागतंय मां?"

ते गंमत म्हणून सोडून दिलं, तिथेच चुकलो. ल्यूक म्हाताऱ्या ओबी-वानला वडिलांबद्दल विचारतो, म्हातारा क्षणभर घुटमळतो आणि सांगतो, व्हेडरने मारलं. बाबा खुर्चीत पुढे सरकून मोठ्याने, "खोटा सांगता तो. काळोच ह्येचो बापूस आसतलो."

भाचीच्या हातातली फोड खाली पडली. डोंबिवलीत वाढलेल्या भाच्याला मालवणी कळत नाही, हे नशीब. त्याने विचारलं, मामा, आजोबा काय म्हणाले?

म्हटलं, तहान लागलीय त्यांना. गेला बिचारा तांब्या आणायला.

दुसऱ्या रात्री पाचवा लावला. त्या वाक्याला पोरगा उठून उभा राहिला आणि चादरीजवळ जाऊन म्हणाला, खोटं बोलतोय हा. बाबा काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघून हसले.

काल लाईट नव्हती, आधीच वजा धरलेली ती रात्र गेली. आज एक नंबर.