प्रतिसाद: लेदर कोरल मिटलंय, लाइट वाढवू का?

खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं लेदर कोरल (एक मऊ प्रवाळ) मिटलंय म्हणून 'लाइट वाढवा' असा सल्ला वर कुणीतरी दिलाय, तो मला तरी पटत नाही. लेदर कोरल मिटलंय आणि अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा धरलाय, एवढ्यावरून ते मरतंय असं होत नाही. सार्कोफायटन (लेदर कोरलचाच एक प्रकार) अधूनमधून अशी कात टाकतंच, वर साठलेलं शेवाळ त्या पापुद्र्याबरोबर निघून जातं. पंपाचा झोत अंगावरून जाऊ द्या, थेट मारा नको. बुडखा मऊ पडून कुजका वास आला तरच काळजी.

तुमचे झोअँथिड्सही (बटणांसारखे दिसणारे छोटे कोरलसारखे जीव) मिटलेत, ते प्रकरण वेगळं असू शकतं. लेदर पाण्यात टर्पीन नावाचं रसायन सोडतं, ते शेजाऱ्यांना बाधतं आणि नेहमीच्या टेस्ट किटमध्ये दिसत नाही. ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी फिल्टरमध्ये टाकून बघा. (झोअँथिड्स हाताळताना ग्लोव्ह्ज घालाच, त्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं.) आणि सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) कशाने मोजताय? काट्याच्या हायड्रोमीटरला बुडबुडा चिकटला की रीडिंग जास्त येतं, मग आपण पाणी उगाच पातळ करत बसतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग क्षार) द्रावणावर कॅलिब्रेट करा, नुसत्या आरओच्या पाण्यावर नको. नायट्रेट शून्य आलंय म्हणून खूश होऊ नका, सॉफ्ट कोरलना थोडं लागतंच.