पाणी ७३ दिवस, पट्टी ३६५ दिवसांची: नळाला मीटर हवा की नको?

कॉलनीकर:
आमच्या गावाला तापीचं पाणी. ते पाचव्या दिवशी येतं, म्हणजे वर्षाला ७३ दिवस. पट्टी मात्र अर्ध्या इंची नळाला वर्षाची ठोक. दोघं म्हातारे राहतात त्या घराला तीच आणि अंगणात पाइप सोडून गाडी धुणाऱ्यालाही तीच. नगरपरिषदेवर चार वर्षं प्रशासक होता, आता डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर नवी बॉडी बसली आहे आणि पट्टी वाढवायची चर्चा सुरू झाली आहे. माझं म्हणणं, वाढवा, पण मीटर लावून वाढवा.

नगरपरिषदांची जकात १९९९ साली बंद झाली. तेव्हापासून स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं. बाकी अनुदानाकडे डोळे. जॅकवेलच्या, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीच्या पंपांचं वीजबिल, तुरटी, ब्लीचिंग पावडर, गळती काढणाऱ्यांची मजुरी हे कुठून भागवायचं? पैसा नसला की पंप दुरुस्तीला पडून राहतो आणि पाचव्याचा आठवा दिवस होतो. गेल्या मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, आम्ही तीन वेळा टँकर विकत घेतला. तो पैसा मी नगरपरिषदेला आनंदानं दिला असता. कराडजवळच्या मलकापूरनं मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं. तीही नगरपालिकाच, काही महापालिका नव्हे.

जुनी पेठ:
मलकापूरला जास्त वापराला चढा दर आहे, हे सांगायचं राहिलं तुमचं. आमच्या वाड्यात एका नळावर तीन चुली, अकरा माणसं. माणशी वापर तुमच्यापेक्षा कमीच निघेल, पण मीटरवर आकडा मोठा दिसणार आणि चढ्या दराची पट्टी आमच्या माथी. कॉलनीत चार माणसांच्या बंगल्याला वेगळा नळ, शिवाय बोअर. त्यांचा आकडा लहान. याला न्याय म्हणायचं का, भाऊ? वेगळे नळ घ्या म्हणाल, तर वाड्याचा उतारा अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे. वारसांच्या सह्या होईपर्यंत नवीन जोडणी मिळत नाही. मी दोनदा जाऊन आले.

गल्ली नं. ३:
पाचवा दिनले पानी येस, तेबी अर्धा घंटा. मीटर काय हवा मोजाले लावतस का?

माजी पंपचालक:
गल्लीवाल्या दादांनी नेमकं बोट ठेवलं. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, म्हणून सांगतो. चार दिवस लाइन रिकामी राहते. व्हॉल्व उघडला की पाण्याच्या पुढे हवा धावते आणि मीटरचा काटा त्या हवेनंही फिरतो. रिकाम्या लाइनमध्ये गटाराचं पाणी ओढलं जातं ते वेगळंच. मलकापूरला मीटर चालले, कारण तिथं लाइन कायम भरलेली असते.

त्यात लोक नळाला थेट मोटर लावतात. पहिल्या चार घरांनी मोटर लावली की गल्लीच्या टोकाला धार करंगळीएवढी. आमचे व्हॉल्वमन शिव्या खायचे आणि दोष त्यांचा नसायचा.

आधी घरांना नव्हे, जलकुंभाच्या तोंडाशी मीटर लावा. टाकीतून किती सुटलं आणि वॉर्डात किती पोचलं, हा हिशेब आजही कुणाकडे नाही. मी असतानाही नव्हता, याची रुखरुख आहे.

कॉलनीकर:
हवेचं मला ठाऊक नव्हतं. तरीही ठोक पट्टी योग्य होत नाही. जुन्या पेठेच्या ताईंचा मुद्दा मानतो; रेशनकार्डावरची माणसं मोजून दर लावावा. गटार योजना असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर, नसलेल्या गावात ७० लिटर, असं पाणीपुरवठ्याचं जुनं मानक होतं. अकरा माणसांना ७० नं रोजचे ७७० लिटर झाले. तेवढ्यापर्यंत साधा दर, पुढे चढा. पण फुकटाच्या भावात पाणी मागत राहिलो तर हे असंच चालेल.

बाजारपेठ:
फुकट कोण मागतंय? मी दरवर्षी एप्रिलमध्येच भरतो, कारण थकलं की महिन्याला दोन टक्के शास्ती. आणि माझ्यासमोरचे मोठे थकबाकीदार अभय योजनेची वाट बघत बसतात. वाढ प्रामाणिकपणे भरणाऱ्यालाच लागते. आधी वसुली, मग वाढ.

आणि विचारायचं कुठं? वॉर्ड समितीची सक्ती तीन लाखांवरच्या शहरांना. आपल्याला उरली सर्वसाधारण सभा, तिथं नागरिकाला बोलता येत नाही. नगरसेवक रस्त्याचं, पथदिव्याचं बोलतात. पाण्याचा जमाखर्च वेगळा काढून वाचलेला मी एकदाही ऐकला नाही. तो कागद समोर येईपर्यंत मी वाढीला विरोधच करणार.

जुनी पेठ:
माझंही तेच. आधी गळती दाखवा. आमच्या चौकात वर्षभर ओल आहे, तिथं आता गवत उगवलंय.

माजी पंपचालक:
ताई, ती ओल मला माहीत आहे, तिथं जुना सांधा आहे. गळती बघायला मोठा खर्च लागत नाही. रात्री टाकी भरायची, सगळ्या गल्ल्यांचे व्हॉल्व बंद ठेवून फक्त मुख्य लाइन उघडी सोडायची आणि टाकीच्या पट्टीवर पातळी लिहून ठेवायची. सकाळपर्यंत जेवढे फूट उतरले, तेवढं पाणी मुख्य लाइनच्या वाटेत गेलं. दर फुटाला किती लिटर, ते टाकीच्या मापावरून काढता येतं. नव्या पाणीपुरवठा सभापतींना मी याचा अर्ज लिहून देतो. कॉलनीकर, बाजारपेठ, तुम्ही दोघांनी सह्या कराव्यात. परवानगी मिळाली तर रात्री अकराला टाकीपाशी या, आकडा तुम्हीच वहीत लिहा.

बाजारपेठ:
सही करतो. वही माझ्या दुकानातून आणतो.

कॉलनीकर:
मीही येतो. मीटरवरून मात्र मी हटलेलो नाही.