मायच्या फोटोखाली जन्मसाल कोणतं लिहावं?

औशाची लेक

नमस्कार. माझी माय मागच्या येळवशीनंतर (आमच्याकडचा मार्गशीर्ष अमावस्येचा रानातला सण) नवव्या दिवशी गेली. आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. दादानं तिचा फोटो मोठा करून फ्रेमला टाकलाय. फ्रेमवाला विचारतो, खाली तारखा काय लिहायच्या? गेल्याची तारीख आम्हा सगळ्यांना पाठ आहे. जन्माची कुणालाच माहीत नाही.

आधार कार्डावर 1 जानेवारी 1952 आहे. ते कॅम्पातल्या पोरानं अंदाजानं टाकलेलं. माय सांगायची, "त्यानं इच्यारलं, मी म्हनलं तूच बग बाबा." दादा म्हणतो तेच लिहू, सरकारी कागद आहे. मला ते पटत नाही, कारण रझाकाराच्या (निजामाच्या बाजूची हत्यारबंद माणसं) पळापळीत माय आजीच्या कडेवर होती. 52 सालाच्या कितीतरी आधी ते सगळं संपलेलं.

ही गोष्ट तिनं मला शंभरदा सांगितली असेल. आजोळ तेरणा नदीच्या अंगाला. रझाकार येणार अशी आवई उठली की बाया लेकरं घेऊन रानात पळायच्या. हुरड्याचे दिवस होते, थंडी मरणाची. आजी रात्रभर उभ्या जोंधळ्यात बसून राहिली आणि लेकराचा आवाज जाऊ नये म्हणून मायच्या तोंडात गुळाचा खडा देत राहिली. पुढं सगळेच मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, सोडून बार्शीकडं गेले. त्या वाटेत मायच्या एका पायातला वाळा पडला. दुसरा आजीनं जपून ठेवला. माझ्या लग्नात मायनं तो माझ्या हातात दिला, अजून माझ्या कपाटात आहे.

लग्न कधी झालं तेही नक्की नाही. दादा 65 सालचा, शाळेच्या दाखल्यावर तसं आहे. 72 च्या दुष्काळात माय खडी फोडायला जायची. मी दोन वर्षांची, बाभळीला लुगड्याची झोळी बांधून त्यात. दादा तिला पाणी नेऊन द्यायचा. कामावर सुकडी (दुष्काळात वाटलेलं पिठाचं खाणं) मिळायची, ती स्वतः न खाता पदरात बांधून आणायची. मिलोच्या (बाहेरून आलेली लाल ज्वारी) लाल भाकरीचा वास तिला पुढं आयुष्यभर नको वाटायचा, पण दुसऱ्या कुणी तिला नावं ठेवली की रागवायची. म्हणायची, तिनंच जगवलं.

भूकंपाच्या वेळी मी घरीच होते. 30 सप्टेंबर 1993, आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, पहाटे चारला पाच मिनिटं कमी. मायनं मला दंडाला धरून अंगणात ओढलं आणि मागची भिंत खाली बसली. आमच्याकडची घरं दगडमातीची, वर माळवदाची माती थरावर थर. किल्लारीकडं माणसं त्या ओझ्याखालीच गेली. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. पण त्या दिवसापासून माय माळवदाखाली कधी निजली नाही. दादानं पत्र्याचं शेड घालून दिलं. उन्हाळ्यात पत्र्यावर ओलं गोणपाट टाकायची, पण आत यायची नाही.

नातवंडांसाठी हे सगळं एका वहीत लिहायला घेतलंय. पहिल्याच ओळीवर अडले आहे. आमच्या बायांची वयं कशी काढतात, कुणी काढली असतील तर सांगा.

साधना, परभणी

ताई, वाचून डोळे भरले.

मी माझ्या सासूबाईंचं साल शोधलं होतं. आजोळच्या गावचं कोतवाल बुक तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं का ते विचारा. त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी असत. आपल्याकडचे निजामाच्या काळातले कागद बरेचसे उर्दूत किंवा मोडीत आहेत, वाचणारा माणूस सोबत न्या. साल फसली, म्हणजे निजामाच्या कारभारातलं, असेल. त्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो. मुलीचं नाव बहुतेक नसतंच, "अमक्याची मुलगी" एवढंच असतं. म्हणून आजोबांच्या नावानं बघा.

तेही नाही सापडलं तर मामांचा शाळेचा दाखला काढा आणि मामांना विचारा, ती झाली तेव्हा तुम्ही केवढे होता. आम्हाला शेवटी तसंच सापडलं.

तेरणाकाठ

लेकी, मी 80 पार केलेला माणूस आहे. तुझ्या मायच्या गोष्टीतच साल आहे, कागद सापडला नाही तरी चालेल.

हुरड्याचे दिवस म्हणतेस, म्हणजे रब्बीचा जोंधळा, मार्गशीर्ष-पौष. 48 च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि 17 तारखेला निजाम शरण आला. त्याच्या आधीचा हुरडा म्हणजे 47 ची अखेर किंवा 48 ची सुरुवात. बाकी देश तेव्हा स्वतंत्र झाला होता, आपण मोगलाईतच होतो. बार्शीकडं माणसं पळाली ती त्याच काळात. ती हद्द ओलांडली की निजामाचं राज्य संपायचं.

आता गुळाचा खडा. नुसत्या अंगावरच्या लेकराला कुणी खडा देत नाही, घशात अडकतो. चोखून खायची समज असलेलं लेकरू, म्हणजे दीड-दोन वर्षांचं. त्याहून मोठं असतं तर दटावून गप्प बसवलं असतं, आणि कडेवर घेऊन बार्शी गाठली नसती. तुझी माय 46 ची धर. फार तर सहा महिने इकडं-तिकडं.

आणि 52 धरलं तर तुझा भाऊ झाला तेव्हा ती तेरा वर्षांची होते. त्या काळीही कठीणच. 46 धरलं तर एकोणीस. हा हिशेब भावाला सांग.

निलंग्याची सून

ताई, वहीत येळवस नक्की लिहा. माझ्या सासूबाई गेल्या आणि भज्जीचं, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळ भाजीचं, माप त्यांच्याबरोबर गेलं. आता दर वर्षी आम्ही चार जावा अंदाजानं करतो आणि दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, तशी झाली नाही.

औशाची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुवारी तहसीलला जाऊन आले. आजोळच्या गावचं त्या वर्षांचं बुक तिथं नाही. मामांना फोन केला. त्यांना आता कमी ऐकू येतं, मामीनं ओरडून विचारलं. ते म्हणाले, बार्शीला जाताना मी चालत होतो आणि तिला पायाला चप्पल नव्हती, म्हणून आमच्या मायनं तिला उचलून घेतलं. म्हणजे ती चालत होती. काका, तुमचा हिशेब बरोबर निघाला.

निलंग्याच्या ताई, माप तिनं कधी केलंच नाही, पण मी शेजारी बसून पाहिलंय ते लिहिते. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि हरभऱ्याचे सोले सारखेच, प्रत्येकी तिची एक ओंजळ. भुईमुगाचे दाणे अर्धी. पालेभाजी मिळेल ती, पण मेथी पाहिजेच. चिंचेचा कोळ आधी नाही, दाणे शिजल्यावर. डाळीचं पीठ ताकात कालवून शेवटी, आणि ते पडलं की हात थांबवायचा नाही. आंबील आदल्या दिवशीच करून ठेवायची. आंबिलीचं बिंदगं (मडकं) डोक्यावर घेऊन ती रानात चालायला लागली की वाटेत कुणी कितीही बोललं तरी बोलायची नाही. कोपीतल्या (रानातली कडब्याची खोप) पांडवांना नैवेद्य दाखवून झाला की मग तोंड उघडायची, आणि पहिला उंडा (पिठाचा उकडलेला गोळा) बैलाचा.

ओंजळ मात्र तिचीच पाहिजे. तिचा हात लहान होता, माझ्या मोठ्या ओंजळीत पाऊण घ्यावी लागते.

दादाला रात्री सगळा हिशेब सांगितला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी खडीवर पाणी नेऊन द्यायचो तेव्हा माय सव्वीस वर्षांची होती." मीही तिला कायम म्हातारी म्हणूनच आठवत होते. माझी थोरली यंदा सव्वीस पूर्ण करते.

फ्रेमवाल्याला 1946 सांगितलंय.