भुज–खावडा–धोलावीरा–धोर्डो एका दिवसात जमेल का? सोबत ज्येष्ठ मंडळी आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नाताळात सगळं जग गोव्यात येतं तेव्हा आम्ही फोंड्याचे लोक बाहेर पळतो. यंदा लेकीच्या हट्टाने कच्छ ठरलंय. मडगावहून नागरकोइल–गांधीधाम गाडीची तिकिटं काढलीत, ती आठवड्यातून एकदाच असते म्हणून तारखा तिच्या हिशेबाने, पुढे भुजला मुक्काम. बाकी सगळं ठरलंय, घोडं अडलंय ते रणाच्या दिवसावर.

नवऱ्याचा प्लॅन असा की भुजहून गाडी करून सकाळी निघायचं, खावड्याहून आधी काळो डुंगर, मग रणातून जाणारा तो सरळसोट रस्ता ज्याला सगळे रोड टू हेवन म्हणतात, पलीकडे धोलावीरा (हडप्पा काळातल्या शहराचे अवशेष) बघायचं आणि परत फिरून संध्याकाळी धोर्डोला पांढऱ्या रणात सूर्यास्त. मॅपवर आरामात होतंय म्हणतो. अहो पण भुज ते धोलावीरा नुसतं जायलाच साधारण 140 किमी, आणि मॅपला कुठे सासरे असतात! आमचे पंचाहत्तरीचे आहेत, चोर्ला घाट चढताना त्यांच्यासाठी गाडी थांबवावी लागतेच. त्यात ते म्हणतात मीठच बघायचं तर आगरवाड्याला जाऊया, इतक्या लांब कशाला. सासूबाई मात्र खूश, काळ्या डुंगरावर दत्तमंदिर आहे कळल्यापासून (दर गुरुवारी साखळीच्या दत्तमंदिरात जाणारी बाई).

तर रस्त्यात वळणं कितपत आहेत, खावड्याच्या पुढे जेवणाची आणि बायकांच्या बाथरूमची सोय आहे का, आणि काही गाळायचंच झालं तर काय गाळू? मला स्वतःला धोलावीरा बघायचंच आहे, आधीच सांगते.

डिचोलीकर: ताई, आम्ही जाऊन आलोय. ते चारही एका दिवसात करू नका, सगळा दिवस गाडीत जातो. धोर्डो वेगळ्या संध्याकाळी ठेवा, भुजहून 80-85 किमीच आहे, दुपारी निघालात तरी चालतं. पांढऱ्या रणाचं परमिट लागतं, सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. आणि शक्य असेल तर पौर्णिमेच्या जवळची रात्र बघा, चांदण्यात ते मीठ जे दिसतं ते फोटोत येतच नाही, मी फोटो काढणं सोडून दिलं शेवटी.
जाताना भिरंडियाऱ्याला मावा खा, बन्नीच्या म्हशींच्या दुधाचा असतो. मासे विसरा, बाजरीचा रोटला आणि ताक यावर दिवस काढायची तयारी ठेवा. आणि हो, कोणी हौसेने फेणीची बाटली बॅगेत टाकत असेल तर आधीच काढा, गुजरातेत दारूबंदी आहे.

पेडण्याचा, सध्या कांडल्याला: वहिनी, सासऱ्यांना सांगा आगरवाड्याचं मीठ माणूस पिकवतो, इथे ते आपसूक होतं. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा समुद्राचं पाणी आत ढकलतो, पावसाचं पाणीही साठतं, पुढे ते आटत जातं आणि हिवाळ्यात मीठ वर राहतं. म्हणून रोड टू हेवनला काही वेळा दोन्ही बाजूंना पाणी असतं आणि काही वेळा पांढरं मीठ, तुमच्या नशिबी काय ते त्या वर्षीच्या पावसावर. त्या मिठावर गाडी अजिबात घालू द्यायची नाही, वरून कडक दिसतं पण खाली चिखल असतो.
वळणांचं म्हणाल तर रणातला रस्ता साधारण 30 किमी सरळ आहे, सासऱ्यांना काही होणार नाही. त्रास झाला तर काळ्या डुंगराच्या चढाला, तो साडेचारशे मीटरच्या वर आहे, कच्छमधला सगळ्यात उंच. तिथे आरतीनंतर कोल्ह्यांना भाताचा प्रसाद ठेवतात, सासूबाईंना आवडेल. पण तो धोर्डोच्या दिवसाला जोडा, धोलावीऱ्याला मोकळं जा.
धोलावीऱ्याला सावली जवळजवळ नाही, भरपूर चालायचं आहे. पाण्याचे मोठे हौद, बालेकिल्ला, उत्तरेच्या दरवाजापाशी जिथे 10 चिन्हांची पाटी सापडली ती जागा, हे सगळं हडप्पा काळातलं. 2021 ला जागतिक वारसा झाल्यापासून गर्दी वाढली आहे. आजोबांना सगळं फिरवू नका, म्युझियममध्ये बसवा. पेट्रोल भुजलाच फुल करा, बाथरूम भिरंडियारा किंवा खावड्याला उरका, रणाच्या रस्त्यावर झुडूपसुद्धा नाही. डिसेंबरात उजाडायलाच साडेसात होतात, त्यामुळे पहाटे पाचला निघून अंधारच बघाल. थंडी मात्र आपल्या गोव्यासारखी समजू नका, स्वेटर घ्या, आणि दुपारसाठी गॉगल.

मूळ धागाकर्ती: दोघांचेही खूप आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं, गप्प आहे म्हणजे पटलंय. तर आता धोलावीरा एक दिवस, सातला निघायचं आणि अंधाराच्या आत परत, काळो डुंगर आणि धोर्डो दुसऱ्या दिवशी. फेणीचं दिरांना कळवलंय, त्यांचा चेहरा पडलाय.
आता फक्त एवढंच सांगा, दोन दिवस एकच गाडी ठेवली तर ड्रायव्हरशी किलोमीटरवर ठरवायचं की दिवसावर? आणि त्याचं जेवण आपल्याकडे असतं का?

पेडण्याचा, सध्या कांडल्याला: दिवसावर ठरवा, पण रोज किती किलोमीटर धरलेत ते आधी विचारून घ्या, धोलावीऱ्याच्या दिवशी जास्त होतात आणि तिथेच वाद होतो. जेवायला बरोबर बसवा हो, तोच सांगेल रोटला कुठे चांगला मिळतो ते.