इमिटेशन ज्वेलरीचा मिश्र माल: सगळंच ७११७ मध्ये जातं का?

नवा_आयातदार
एका कन्साइनमेंटमध्ये पुढचा माल येतोय: सोन्याचा मुलामा दिलेले पितळी नेकलेस (काहींत काचेचे खडे, काहींत सीझेड, म्हणजे क्युबिक झिरकोनिया), पितळी हुकात ओवलेले गोड्या पाण्यातले कल्चर्ड मोती, प्लास्टिक मण्यांच्या माळा, केसांचे क्लिप, की-चेन आणि सुटे पितळी क्लास्प. ब्रोकरने सरसकट ७११७.९० टाकलाय. इनव्हॉइसवर सप्लायरने ‘फॅशन अॅक्सेसरीज’ एवढंच लिहिलंय. चालेल का?

हेडिंग_आणि_टीप
चालणार नाही. चार ठिकाणी चुकतंय, आणि इनव्हॉइसवरचं वर्णन तर कुठल्याच हेडिंगला आधार देत नाही.

सुरुवात चॅप्टर ७१ च्या टीप ११ पासून करा. ७११७ मधली ‘इमिटेशन ज्वेलरी’ म्हणजे अंगावर घालायचे छोटे दागिने: अंगठी, नेकलेस, ब्रेसलेट, कानातले, ब्रोच, कफलिंक वगैरे. त्यात नैसर्गिक किंवा कल्चर्ड मोती नकोत. मौल्यवान किंवा अर्धमौल्यवान खडे नकोत, मग ते नैसर्गिक असोत, सिंथेटिक असोत की रिकन्स्ट्रक्टेड. आणि मौल्यवान धातू फक्त मुलामा किंवा किरकोळ भाग म्हणून चालतो.

आता तुमचा माल. पितळ आणि काचेचे खडे: ७११७.१९. ब्रोकरचा .९० इथेच चुकतो, कारण .११ आणि .१९ हे बेस मेटलचे, त्यावर मौल्यवान धातूचा मुलामा असला तरी. .११ फक्त कफलिंक आणि स्टडसाठी. .९० मध्ये उरलेलं सगळं येतं, म्हणून प्लास्टिक मण्यांची माळ तिथे बरोबर आहे. तिला धातूचा छोटा क्लास्प असल्याने काही बिघडत नाही. धातू आणि प्लास्टिक निम्मं-निम्मं असेल तिथे मात्र दागिन्याला मुख्य स्वरूप कशामुळे येतं ते ठरवावं लागतं, आणि ते नुसतं वजनावर ठरत नाही.

कल्चर्ड मोती असलेले पीस ७११६.१०. शिंपल्याचा दागिना हा मोत्याचा नव्हे, तो ७११७ मध्येच राहतो. पुढे कधी मागवलात तर गल्लत करू नका.

केसांचे क्लिप टीप ११ नेच बाहेर काढलेत: प्लास्टिकचे ९६१५.११, इतर साहित्याचे ९६१५.१९, हेअरपिन ९६१५.९०. की-चेन अंगावर घालत नाहीत, त्यामुळे ती साहित्याप्रमाणे जाते. लोखंड-पोलादाची असेल तर ७३२६. सुटे क्लास्प ८३०८.९०. २०१७ च्या आवृत्तीपासून ८३०८ च्या मजकुरात ज्वेलरीचा उल्लेखच आहे.

गोदाम_७
सीझेडचं एवढं मनावर घेऊ नका. बारीक खडे असतील तर किरकोळ भाग म्हणून सोडून देता येतात. ७११७.१९ टाका.

हेडिंग_आणि_टीप
@गोदाम_७, टीप पुन्हा वाचा. ‘मुलामा किंवा किरकोळ भाग वगळता’ ही सवलत फक्त मौल्यवान धातूला जोडलेली आहे. खड्यांना आणि मोत्यांना ती नाही. एकच बारीक सिंथेटिक खडा असला तरी दागिना ७११७ च्या व्याख्येत बसत नाही.

सीझेड सिंथेटिक खडा धरायचा का, याचं उत्तर ७१०४ च्या स्पष्टीकरण टिपांत आहे. नैसर्गिक खड्याशी रासायनिक रचना जुळली नाही तरी रंग, चमक आणि कठीणपणामुळे जो ज्वेलर त्याच्या जागी वापरतो, तो सिंथेटिक खडा. उदाहरण म्हणून सिंथेटिक क्युबिक झिरकोनियाचं नावच दिलंय. म्हणून पितळ आणि सीझेड ७११६.२० कडे जातं. काच मात्र काचच राहते, तिला स्फटिक म्हणा, क्रिस्टल म्हणा, नाहीतर ऱ्हाइनस्टोन.

कसोटी_दगड
धातूबद्दल थोडं, कारण तपासणीत माल बहुतेक तिथेच अडकतो.

इलेक्ट्रोप्लेटिंग म्हणजे मुलामा. सोन्याचा पत्रा सोल्डरिंग, वेल्डिंग किंवा हॉट-रोलिंगने बसवला असेल तर टीप ७ प्रमाणे तो ‘क्लॅड’ धातू, आणि माल ७११३.२० मध्ये जातो. दिसायला दोन्ही सारखेच! सप्लायर ‘रोल्ड गोल्ड’ किंवा ‘गोल्ड फिल्ड’ म्हणत असेल तर प्रक्रिया लेखी मागवा. उलट बाजू अशी: चांदीवर सोन्याचा मुलामा असला तरी ती ७११३.११ च. आणि जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच. ते तांबं, निकेल आणि जस्त. इनव्हॉइसवर नुसतं ‘सिल्व्हर’ लिहून घेतलंत तर प्रश्न येणारच.

मिश्रधातूला टीप ५ चा नियम: वजनाने २ टक्के किंवा जास्त सोनं असेल (आणि २ टक्के प्लॅटिनम नसेल) तर तो सोन्याचा मिश्रधातू. एक्सआरएफ मशीन घोळ घालतं ते इथे. मुलामा ०.१ ते ०.५ मायक्रॉनचा असला की किरण त्यातून खालच्या पितळापर्यंत जातात आणि मशीन दोन्ही थरांची सरमिसळ दाखवतं: तांबं, जस्त आणि चार-पाच टक्के सोनं. तो आकडा २ टक्क्यांच्या वर दिसला की माल ७११३ म्हणून थांबवला जातो. खरं तर टीप ५ मिश्रधातूची आहे, मुलाम्याचा थर त्या हिशोबात धरायचाच नाही. उपाय सोपा. नमुन्याच्या मागच्या बाजूला कानशीने मुलामा उतरवायचा, खालचं पितळ उघडं पडलं की त्याच जागी पुन्हा रीडिंग घ्यायचं. दोन्ही रीडिंग रिपोर्टमध्ये शेजारी-शेजारी हवीत. नमुना खराब होतो, म्हणून प्रत्येक डिझाइनचा एक पीस जास्तीचा मागवा.

नवा_आयातदार
सीझेडचं पटलं. अजून दोन शंका. काही डब्यांत काचेच्या खड्यांचा नेकलेस आणि सीझेडचे कानातले असा सेट आहे. आणि काही पितळी कानातल्यांची फक्त काडी चांदीची आहे.

हेडिंग_आणि_टीप
सेट किरकोळ विक्रीच्या डब्यात असेल, आणि पुन्हा पॅक न करता तसाच ग्राहकाला जाणार असेल, तर नियम ३(ब): मुख्य स्वरूप देणारी वस्तू, बहुधा नेकलेस, म्हणजे ७११७.१९. मुख्य वस्तू ठरवताच येत नसेल तर ३(क): दोन्हींपैकी क्रमाने शेवटचं हेडिंग, म्हणजे पुन्हा ७११७. पण एकाच कार्टनमध्ये नेकलेस वेगळे आणि कानातले वेगळे भरून आले तर तो सेट नव्हे, दोन ओळी करा.

चांदीची काडी माझ्या मते किरकोळ जोडभाग, त्यामुळे ७११७.१९. मात्र पुढून दिसणारा आणि ज्याच्या नावावर किंमत लावली जाते असा भाग चांदीचा असेल तर मी हे म्हणणार नाही.

पेपर_पक्के
इनव्हॉइस बदलून घ्या, माल निघायच्या आधी. प्रत्येक डिझाइन नंबरची वेगळी ओळ, आणि ओळीत वस्तू, मुख्य धातू, मुलामा कसला आणि कोणत्या पद्धतीने, खडे कसले, नग, निव्वळ वजन. उदाहरणार्थ: ‘नेकलेस, पितळ, सोन्याचा इलेक्ट्रोप्लेटेड मुलामा, काचेचे खडे’. पॅकिंग लिस्टवर कोणत्या कार्टनमध्ये कोणतं डिझाइन हेही लिहा, नाहीतर तपासणीत सगळे कार्टन फोडतात.

सहा आकड्यांपर्यंत कोड सगळीकडे सारखाच. पुढचे आकडे आणि दर आयात करणाऱ्या देशाच्या टॅरिफमध्ये बघा. सप्लायरच्या देशातला आठ-दहा आकडी कोड जसाच्या तसा उतरवू नका. सीझेडचा माल वारंवार आणणार असाल तर अॅडव्हान्स रुलिंग घ्या. डब्ल्यूटीओच्या २०१७ मध्ये लागू झालेल्या ट्रेड फॅसिलिटेशन कराराच्या कलम ३ मध्ये वर्गीकरणाच्या रुलिंगची तरतूद आहे. अर्जासोबत नमुना, फोटो आणि लॅब रिपोर्ट लावा. रुलिंग अर्जातल्या वर्णनापुरतंच लागू होतं. सप्लायरने पुढच्या लॉटमध्ये खडा बदलला की ते उपयोगाचं राहत नाही.